हौसाक्काच्या विहिरीचा उपसा

"पास झाली का गं बाई आमची विहीर?"

मी काठावर गुडघे टेकून दोरी वर ओढत होते. दोरीच्या टोकाला नमुना घ्यायची नळी होती. मागे न वळता मी म्हटलं की अजून औषध टाकायचंय, आणि नळीतलं पाणी बाटलीत ओतलं. हौसाक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. रहाटापाशी उभ्या असलेल्या दोघीतिघींनीही कळशा भरायच्या थांबवल्या. पाण्यात क्रोमियम असलं तर त्या औषधानं पाणी जांभळं होतं. बाटली हलवली, धरून ठेवली. पाणी होतं तसंच राहिलं.

"पास," मी म्हटलं.

"मंग च्या घे," म्हणून ती आत गेली. शालन नावाची एक तिशीची बाई कळशी कमरेवर घेत म्हणाली की आक्काच्या पोरानं शाळेत कधी नंबर काढला नाही, विहीर मात्र रोज काढतीया. आतून हौसाक्कानं तिला काहीतरी सुनावलं आणि सगळ्या हसल्या.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. त्या पठारावर एक कारखाना होता. लोखंडी सुट्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवायचा. तो बंद पडला तेव्हा मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, गाळाचा मोठा ढीग राहिला. वादळात पत्रे उडाले. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं त्या गाळातून झिरपत खाली गेलं, आणि उताराला असलेल्या खरातमळ्यातल्या विहिरी एकेक करून पिवळ्या पडल्या. पुढे तक्रारी झाल्या, सुनावण्या झाल्या, जागा साफ करायची असं ठरलं. पण साफ कशी करायची ते ठरवायच्या आधी विष किती लांब आणि किती खोल गेलंय ते मोजावं लागतं. त्या मोजणीसाठी पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीनं मला तिथे पाठवलं होतं. मी भूजलाचा अभ्यास केला होता, लग्न झालेलं नव्हतं, आणि दोन महिने एकटी राहायला माझी हरकत नव्हती. या तिन्ही गोष्टी आमच्या बेहेरेसरांना ठाऊक होत्या.

कारखाना आणि हौसाक्काचं घर यांच्या मधून कठीण दगडाची एक उभी भिंत जमिनीतून आरपार गेलेली आहे. आमच्या भाषेत तिला डाइक म्हणतात. वर ती गुडघाभर दिसते, खाली किती खोल आहे कुणाला माहीत नाही. अशा भिंतीला भेगा नसतील तर पाणी पलीकडे जात नाही. मळ्यातली बारापंधरा घरं आणि सगळ्या पिवळ्या विहिरी भिंतीच्या कारखान्याकडच्या बाजूला होत्या. पलीकडे एकच घर आणि एकच विहीर, हौसाक्काची.

ती विहीर चांगली असेल तर भिंतीनं विष अडवलंय असा अर्थ होता. मग कारखान्याची माती खणून न्यायची, वर जाड झाकण घालायचं, आणि काम एका उन्हाळ्यात संपवायचं. ती बिघडलेली असेल तर नुसती माती नेऊन भागणार नव्हतं. जमिनीखालचं पाणी वर्षानुवर्षं उपसून शुद्ध करत बसावं लागणार होतं, आणि पिण्याच्या दृष्टीनं ती विहीर संपली असती. पहिल्याच दिवशी हौसाक्कानं मला विचारलं होतं, नापास झाली तर काय करता? मी सांगितलं, वर स्लॅब टाकून बंद करतात. तेव्हापासून रोज नमुना घेताना ती माझ्या मागे येऊन उभी राहायची.

मी तालुक्याच्या गावात, बीबियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहत होते. सकाळी जीप मला कारखान्यावर सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. ड्रायव्हर अबोल होता. कारखान्यात माझ्याशिवाय एक पहारेकरी, तो फाटकावर. मी बोअरची पातळी मोजायची, मातीचे नमुने पिशव्यांत भरायचे, पिशव्यांवर खुणा करायच्या. दुपारी रिकाम्या ऑफिसात डबा खायचा. भिंतीवर कारखाना बंद पडला त्या वर्षाचं कॅलेंडर होतं आणि त्यावर कुणीतरी पगाराच्या तारखेभोवती गोल केलेला होता. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी दुकानदाराला किल्ली मागताना माझाच आवाज मला घोगरा वाटायचा.

म्हणून नमुना घेण्याच्या यादीत हौसाक्काची विहीर मी रोज ठेवली होती. नियमानं आठवड्यातून एकदा पुरलं असतं. सकाळी ठरलेल्या वेळी मी तिथे जायची, कारण एका जागेचे नमुने एकाच वेळी घ्यावेत अशी आमची शिस्त. ती शिस्त चांगलीच आहे. मी अजूनही पाळते.

त्या वेळी तिथे मळ्यातल्या बायकांची गर्दी असायची. भिंतीवरून, कुसळं तुडवून पडलेल्या पायवाटेनं त्या येत. कारखान्याच्या कंपनीकडून पाण्याची पिंपं यायची, पण कधी येतील याचा नेम नव्हता, आणि पिंपाच्या पाण्याला प्लास्टिकचा वास मारतो अशी सगळ्यांची तक्रार. हौसाक्का अंगणात चूल मांडून बसायची. कुणाला चहा, कुणाच्या पोराला गूळ, कुणाला सासूबद्दल सल्ला. सत्तरीच्या आतबाहेरची, उंच, वाकलेली, आवाज पुरुषी. तिचा नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती आणि मुलगा सुरतेला यंत्रमागावर कामाला होता. तो दिवाळीला येतो, असं ती सांगायची. शालन एकदा तिच्या पाठीमागे मला म्हणाली की कंच्या दिवाळीला ते विचारू नका.

मार्च सरत आला तरी विहीर पासच होत होती. बेहेरेसर फोनवर खूश होते. भिंत टिकली, अहवाल लिहायला घे, शनिवारी परत ये.

मग एका सकाळी डाळीचा विषय निघाला.

शालन रहाट ओढत म्हणत होती की आक्काच्या विहिरीचं पाणी आधी जड होतं, तुरीची डाळ दोन दोन तास शिजायची नाही, सोडा घालावा लागायचा. यंदा मात्र एका उकळीत मऊ होतीया. दुसरी म्हणाली, साबणाला फेसपण येतो आता. त्यावर शालननं हौसाक्काकडे बघून डोळे मिचकावले.

"म्हातारपनी गोडी आली म्हनायची विहिरीला. मालकिनीला कवा यायची?"

"तुझ्या सासूला आली की मला सांग," हौसाक्का म्हणाली, "मंग मी बी इचार करते."

मीही सगळ्यांबरोबर हसले. चहा पिऊन कारखान्यावर गेले. दुपारी डबा उघडला, त्यात वरण होतं, आणि घास हातात असतानाच मी थांबले.

काळ्या खडकातलं पाणी जड असतं. खडकातून वाहताना ते त्यातले क्षार घेतं, म्हणून डाळ शिजत नाही आणि साबण फेसाळत नाही. एखादी विहीर म्हातारपणी मऊ होत नाही. मी रोज त्या पाण्यात क्रोमियम शोधत होते आणि ते सापडत नव्हतं, म्हणून दुसरं काही बघायचं मला सुचलंच नव्हतं. सकाळच्या बाटलीत उरलेल्या पाण्याचे क्षार मोजले. त्या खडकातल्या कुठल्याही विहिरीपेक्षा फार कमी निघाले. मग क्लोरीन असला तर पाणी गुलाबी करणारी तपासणीची गोळी टाकली. पाणी हळूहळू गुलाबी झालं.

क्लोरीन नळाच्या पाण्यात असतो. पंचायत विहिरीत पावडर टाकते, तेव्हाही असतो. ग्रामसेवकाला गाठून विचारलं. तो म्हणाला, खासगी विहिरीत आम्ही टाकत नाही, आणि भिंतीपलीकडे तर मी अजून गेलेलोच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी जीप थांबवून ठेवली आणि पुन्हा विहिरीवर गेले. हौसाक्का शेळीमागे गेली होती. नमुना घेतला, औषध टाकलं. बाटलीतलं पाणी फिकट जांभळं झालं. अगदी फिकट, वांग्याच्या फुलासारखं. पण पिण्याच्या पाण्यात चालत नाही एवढं नक्की होतं.

रात्री बेहेरेसरांना फोन केला. दोन दिवस जास्त लागतील म्हटलं. कशाला, त्यांनी विचारलं. एका विहिरीबद्दल खात्री करायचीय. ते हसून म्हणाले, "सुनीती, महिनाभराचे रिझल्ट एका रेषेत आहेत. तुझंच मन रमलंय का तिथे?" मी म्हटलं, दोन दिवस. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराची मोटरसायकल मागून घेतली आणि तांबडं फुटायच्या सुमाराला भिंतीजवळ पोचले. गाडी अलीकडेच लावून पायवाटेनं चालत गेले. हौसाक्काच्या अंगणात पाण्याचा टँकर उभा होता. टँकरचा जाड पाइप विहिरीत सोडलेला होता आणि पाणी पडल्याचा आवाज आतून घुमत येत होता. गुलाब मुलाणी टायरवर हात ठेवून उभा होता. तो तालुक्याच्या जलशुद्धीकरण केंद्रावरून पाणी भरून रस्त्याच्या कामावर पोचवायचा, रात्री टँकर हौसाक्काच्या अंगणात लावायचा आणि तिच्याकडेच जेवायचा. एवढं मला माहीत होतं. सकाळी मी येईपर्यंत तो निघून गेलेला असायचा.

हौसाक्का काठावर बसली होती. पाणी पडताना बघत होती. मला पाहून ती उठली नाही.

गुलाबनं पाइप बंद केला. "मावशी, मी म्हनलो हुतो," तो हळूच म्हणाला, "ह्या बाईंच्या नजरंतनं सुटायचं न्हाई." मग माझ्याकडे वळून सांगू लागला की मावशीनं हे पुण्यकर्म आहे म्हणून सांगितलं, आणि पाणी पाजणं त्यांच्यातही सवाबच मानतात. दिवसाची पहिली खेप तो आदल्या संध्याकाळीच भरून आणायचा आणि पहाटे इथे ओतायचा. त्यात लबाडी आहे असं त्याला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, गुलाबभाई, तुमच्यावर काही नाही, पण आज टँकर मला लागेल. रिकामा.

मी हौसाक्काशेजारी काठावर बसले. तिला संध्याकाळच्या नमुन्याचं सांगितलं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या टायमाला पिवळी झलक दिसाय लागली. तळाला." ती म्हणाली. "वर चांगलं ओतलं म्हंजी चांगलंच वर ऱ्हातंय की. कळशी कुटं तळाला जाती? आनि मी काय तशीच देत न्हवते कुनाला. रोज सकाळी पयला तांब्या माझा. मी पिऊन बघायची. मला काय झालं न्हाई, मंग बाकीच्यांस्नी."

मी तिला सांगू शकले असते की क्रोमियम एका तांब्यात कळत नाही, वर्षांनी कळतं. ते तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की विहीर पूर्ण उपसून खालून येणारं पाणी मला बघावं लागेल. आजच. आणि बायकांना आज पाणी भरू देता येणार नाही.

"आजचा दिस ऱ्हाऊ दे."

"नाही राहू देता येत, आक्का."

तिकडे विहीर उपसायची म्हणजे सगळ्या मळ्याचं काम असतं. घरटी एक माणूस येतो, गाळ काढतात, विहिरीला नारळ फोडतात, आणि ज्याची विहीर त्यानं दुपारी सगळ्यांना जेवू घालायचं. मी विचारलं, कुणाला बोलवायचं का? ती नको म्हणाली. थोड्या वेळानं बायका कळशा घेऊन आल्या, तेव्हा वाटेतच उभं राहून तिनं त्यांना सांगितलं की रहाट मोडलाय, उद्या या. रहाट तिच्या मागे चांगला उभा होता. बायकांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्या माघारी गेल्या.

कारखान्यातला डिझेल पंप आणला. उपसलेलं पाणी शेतात सोडून चालणार नव्हतं. ते गुलाबच्या टँकरमध्ये भरून कारखान्याच्या अस्तर लावलेल्या टाकीत नेऊन ओतायचं ठरवलं. त्यानं खेपा केल्या. दुपारपर्यंत पाणी गुडघ्याखाली आलं आणि मी कडेच्या दगडी पायऱ्या उतरून खाली गेले. आत गार होतं आणि शेवाळाचा वास होता. वर हौसाक्काचं डोकं आकाशापुढे काळं दिसत होतं.

पश्चिमेच्या बाजूला, भिंतीच्या दिशेनं, खडकात तिरकी भेग होती. तळहाताएवढी रुंद. एरवी ती पाण्याखाली असायची. रोज पहाटे टँकरभर पाण्याचा भार वर चढला की झरा आत रेटला जायचा, आणि मी येईपर्यंत बाहेर यायला लागायचा नाही. आता तो मोकळा होता. भेगेतून पाणी येत होतं, बारीक आवाज करत, सतत. हळदीच्या पाण्यासारखं पिवळं. खडकावर त्याचा ओघळ उतरला होता तिथे दगडही पिवळा पडला होता. नमुना घेतला. औषध टाकायची गरज नव्हती तरी टाकलं. पाणी इतकं गडद झालं की बाटलीच्या पलीकडचं माझं बोट दिसेना.

भिंतीला भेग होती. महिनाभर मी भिंत शाबूत आहे असं मोजत आले होते.

"काय निगालं?" वरून आवाज आला.

"वर येऊन सांगते."

पण मी लगेच वर गेले नाही. ती पायऱ्यांवर पाय टाकत, दगडाला धरत, निम्म्यापर्यंत खाली आली आणि तिथेच एका पायरीवर बसली. तिनं भेगेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आपल्या घरातल्या माणसाचं दुखणं बघावं तसं.

"माझा मालक ही विहीर खनताना हितंच झरा लागला म्हनून नाचला हुता," ती म्हणाली.

मी नळीचं झाकण लावत होते.

"तुला ठावं न्हाई बाई. ह्या भिताडाच्या अल्याड कोन येत न्हवतं. आमी वाटन्या झाल्यावर हिकडं ऱ्हायला आलो, मालक गेला, पोरगं गेलं. दिस दिस तोंड उघडायचं न्हाई. शेरडाशी बोलायची मी. मंग त्यांच्या हिरी पिवळ्या झाल्या. कुनाचं वाईट झालेलं बगून बरं वाटावं का? पन वाटलं. सकाळी उठलं की भांड्यांचा आवाज. कोन आक्का म्हनतंय, कोन च्या मागतंय. आता ही बुजली की त्या वाटंला गवत उगवंल."

खाली पंपाचा पाइप फुर्रफुर्र करत होता. पाणी संपत आलं होतं. त्या महिनाभरात मीही तिथे त्याच आवाजासाठी येत होते, आणि हे तिला सांगून काही उपयोग नव्हता. मी एवढंच म्हटलं की बायकांना सांगावं लागेल, आणि हवं तर मी सांगते.

"न्हाई," ती म्हणाली. "माझी हीर, माझ्या तोंडानं."

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. स्वतः मळ्यात गेली. मी बरोबर गेले, पण थोडी मागे राहिले. शालनच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. हौसाक्का उभी राहून बोलली, टँकरचं, पिवळ्या झलकेचं, सगळं. मग मी पाण्याचं सांगितलं. टँकरच्या पाण्यानं विष पातळ झालेलं होतं, मुलांची तपासणी करून घेऊ, डॉक्टर बोलावू, आणि पिंपं उद्यापासून रोज येतील ते मी बघेन. कुणी आवाज चढवला नाही. शालन भांडी घासत होती. ती उठली, पदराला हात पुसले.

"आक्का, माझी दोन्ही लेकरं पीत हुती ते."

"व्हय."

"तुमी घोटभर पिऊन बगायचा. ती कळशीभर पीत हुती."

हौसाक्का मान खाली घालून उभी राहिली. शालन घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. बाकीच्या एकेक करून उठल्या. आम्ही दोघी पायवाटेनं परत आलो. हौसाक्का पुढे चालत होती आणि दोन्ही बाजूंची कुसळं तिच्या लुगड्याला लागत होती. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली नाही.

डॉक्टर आले. मुलं ठीक निघाली, तरी पुढे लक्ष ठेवायचं ठरलं. पिंपं रोज येऊ लागली. भिंतीपलीकडे कुणी आलं नाही.

मी शनिवारी पुण्याला गेले नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन चाचणी बोअर मारून घेतल्या. एक कोरडी निघाली, दुसरीत चमचाभर पाणी. काळा खडक असाच असतो. पाणी भेगांतून धावतं आणि भेग कुठे आहे ते वरून दिसत नाही. बोअर वीतभर चुकली तरी चुकली. पुढे कित्येक वर्षं जमिनीखालचं पाणी उपसायचं तर ते भेग सापडेल अशा ठिकाणाहून उपसायला हवं. आणि एक भेग आम्हाला सापडलेली होती. रुंद, वाहती, डोळ्यांना दिसणारी.

मी अहवालात लिहिलं की विहीर बुजवू नये. तीच उपशाची जागा करावी. तिच्यात पंप बसवावा, अंगणाच्या कडेला शुद्धीकरणाचं छोटं यंत्र उभारावं, पाणी सतत खेचत राहावं, म्हणजे भिंतीपलीकडे आलेलं विष आणखी पुढे जाणार नाही आणि मागचंही हळूहळू इकडे ओढलं जाईल. त्यामागचं सगळं गणित जोडलं होतं. गणित बरोबर होतं. मी ते नंतर केलं, एवढंच.

बेहेरेसर स्वतः आले. शहरी बूट घालून पायऱ्या उतरले, भेगेत हात घालून पाहिला, वर येऊन रुमालानं बोटं पुसत राहिले. एका म्हातारीच्या अंगणात दहा वर्षं प्लांट चालवायचा, त्यांनी मला विचारलं, तुला कळतंय का काय सांगतेयस? मी म्हटलं, दुसरी भेग शोधायला किती बोअर मारायच्या तेवढ्या मारून बघा. ते परत विहिरीच्या काठाशी गेले. जीपमध्ये बसताना म्हणाले, "तिची संमती आण. लेखी."

मी दुपारी गेले. हौसाक्का अंगणात शेळीसाठी पाला बांधत होती. चहा विचारला नाही. विचारायचा राहूनच गेला असेल. मी तिच्यासमोर दगडावर बसले आणि सांगितलं की विहीर बुजवणार नाहीत. पण तिचं पाणी पुन्हा कुणी प्यायचं नाही, तिनंही नाही, शेळीनंही नाही. इथे पंप बसेल. तो रात्रंदिवस चालेल, आवाज असेल. त्या कोपऱ्यात पत्र्याची शेड येईल, यंत्र येईल. भाड्याचं काय ते कंपनी बघेल. तुमची ना असेल तर ना सांगा, मी दुसरं काही बघेन.

ती पाला बांधायची थांबली होती.

"यंत्र बगायला कोन?"

"पाळीचा माणूस. सकाळी एक, संध्याकाळी एक. आकडे लिहून घ्यावे लागतात, औषध घालावं लागतं. आठवड्यातून एकदा नमुने न्यायला पुण्याहून कुणीतरी."

"रोज येनार ती?"

"रोज. पावसात पण."

"आनि किती वर्सं?"

या प्रश्नाला मी अजूनही घाबरते. पुढे कितीतरी गावांत, कितीतरी सभांमधून मी हा आकडा सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी समोरच्या माणसांचे चेहरे पडलेले बघितले आहेत. कुणी कागद फेकले, कुणी रडलं. त्या दिवशी पहिल्यांदाच सांगत होते, त्यामुळे आवाज थोडा खाली गेला.

"दहा-बारा. कदाचित जास्तच, आक्का."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर तिनं हात मांडीवर ठेवला.

"मंग माझ्यापुरतं भागलं," ती म्हणाली.

मग ती गुडघ्यांवर जोर देऊन उठली, विहिरीच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, आणि डोळ्यांवर हात धरून बघू लागली, पाळीच्या माणसाला बसायला सकाळची सावली कुठे पडेल आणि संध्याकाळची कुठे.